भाव उतरला, तसा जोड बदलला

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या ताई नोकरी करतात. गेल्या मे महिन्यात नवरा, सासूबाई आणि मुलांसोबत गाडीने कोल्हापूर, सावंतवाडी, मालवण करत त्या गोव्याला जाऊन आल्या. कोल्हापुरात चपलांच्या दुकानात चौदाशे रुपये सांगितलेला जोड यजमानांनी घासाघीस करून साडेआठशेला ठरवला. ‘दुकानदार आधी नाही-नाही म्हणत होता, मग आतून जोड आणून दिला,’ असं त्या लिहितात. पहिल्याच पावसात तळ फुगला आणि आतला पुठ्ठा बाहेर आला. यजमानांचं म्हणणं, पर्यटक दिसला की सगळे लुटतात. परदेशी कंपनीने कोल्हापुरी लाखाला विकायला काढल्यापासून तर यांचे भाव आभाळाला भिडलेत. सावंतवाडीला उलट झालं. दुकानात एक वयस्कर बाई लाकडी फळं रंगवत बसल्या होत्या. यजमान भाव करू लागले तेव्हा ताईंनी त्यांना सगळ्यांदेखत थांबवलं आणि सांगितले तेवढे पैसे दिले. त्यावरून गाडीत सुरू झालेलं भांडण गोव्यापर्यंत पुरलं. आता डिसेंबरमध्ये मेलबर्नची नणंद येते आहे, तिला घेऊन पुन्हा तोच रस्ता. शिवाय ऑफिस, सोसायटी आणि नातेवाईक मिळून वीस-बावीस जणांना ‘तिकडची आठवण’ द्यायची आहे. त्या विचारतात: कारागिराशी भाव करणं चूक आहे का? अस्सल वस्तू ओळखायची कशी? आणि आमच्या दोघांत बरोबर कोण?

ताई,

तुम्ही सहज लिहून गेलेल्या एका वाक्यापाशी मी थांबले. ‘मग आतून जोड आणून दिला.’ चौदाशे सांगितलेला जोड बाहेर होता. साडेआठशेला मिळालेला जोड आतून आला. ते दोन्ही सारखेच होते का, हे त्या क्षणी तुमच्यापैकी कुणी हातात घेऊन पाहिलं होतं का? पत्रावरून तरी वाटतं की भाव ठरला या आनंदात पिशवी हातात आली आणि तुम्ही पुढे निघालात.

माझा अंदाज असा की तुमच्या यजमानांनी चौदाशेचा जोड साडेआठशेला मिळवलाच नाही. त्यांनी साडेआठशेचा जोड साडेआठशेला घेतला. दुकानदाराचं मी समर्थन करत नाही. पुठ्ठ्याचा तळ चामड्याचा म्हणून देणं ही फसवणूकच आहे, ‘या भावात हा माल बसेल, हा पावसात टिकणार नाही’ हे त्याने तोंडाने सांगायला हवं होतं. पण त्यावरून ‘सगळेच लुटतात’ हा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो इतकाच की घासाघीस रंगली की गिऱ्हाईकाचं सगळं लक्ष आकड्यावर जातं आणि नेमकं तेव्हाच हातातल्या वस्तूवरचं लक्ष उडतं. हे जयपूरला होतं, श्रीनगरला होतं, आपल्या येवल्यातही होतं.

त्या आकड्यात असतं काय, ते आधी पाहू. पारंपरिक कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. त्या कामाला दिवस लागतात, घाई चालत नाही. मग तळाचे थर कापायचे, ठोकून एकजीव करायचे, कडा कातरायच्या, टाच बसवायची आणि हे सगळं खिळा न वापरता चामड्याच्या वादीने शिवायचं. वरच्या पट्ट्यावरची बारीक वेणी पुष्कळदा घराघरांतल्या बायका विणतात. पुढच्या वेळी दुकानात ती वेणी डोळ्यांजवळ धरून पाहा. दोऱ्याच्या जाडीच्या चामड्याच्या पट्ट्या एकमेकींखालून काढलेल्या असतात, आणि हाताची असेल तर वेणीची घट्टी दोन्ही पायांत तंतोतंत सारखी नसते. म्हणजे एका जोडामागे कातडं कमावणारा, तळ करणारा, वेणी घालणारी आणि विकणारा अशी माणसं असतात. भाव पाडला की तो शेवटी कुणाच्या मजुरीतून जातो, याचा अंदाज तुम्हीच करा. दुकानाचं भाडं आणि विजेचं बिल तर कमी होत नाही.

लाखाच्या चपलेचंही बोलू, कारण हा मुद्दा हल्ली अनेक घरांत निघतो. २०२५च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या सँडल दाखवल्या, कोल्हापूरचं नाव न घेता. इकडून आवाज उठल्यावर त्या भारतीय हस्तकलेवरून सुचल्याचं कंपनीने मान्य केलं. पण मिलानमधल्या किमतीवरून कोल्हापुरात भवानी मंडपाजवळच्या दुकानदाराच्या नफ्याचा हिशेब मांडता येत नाही. यजमानांना हे जरूर सांगा, पण शांतपणे, आणि सासूबाईंसमोर नको.

आता सावंतवाडी. इथे मला तुम्हालाही थोडं अडवायचं आहे.

त्या बाईंना तुम्ही पूर्ण पैसे दिलेत, त्यामागची भावना खरी होती याबद्दल मला शंका नाही. पण त्या दुकानाच्या मालकीण होत्या, की नगावर मजुरी घेणाऱ्या, हे तुम्ही विचारलं नाहीत. नगावर मजुरी असेल तर तुमचे जास्तीचे रुपये त्यांच्यापर्यंत पोचलेच असतील असं नाही. आणखी एक गोष्ट खटकली. भांडणाचा शब्दन् शब्द तुमच्या पत्रात आहे, पण तुम्ही कोणतं फळ घेतलंत हे कुठेच नाही. आंबा होता, की सीताफळ, की काजूचं बोंड? त्याचा रंग कसा उतरला होता? यजमानांचं लक्ष आकडा खाली आणण्यावर होतं, तुमचं तो खाली न येऊ देण्यावर. दोघांचंही लक्ष त्या फळाकडे नव्हतं. म्हणून ‘बरोबर कोण’ याचा निकाल मी कुणाच्याच बाजूने देत नाही.

कारागिराला कणव नको असते, असं मी ठामपणे म्हणते. त्याला जाणतं गिऱ्हाईक हवं असतं. ‘हे लाकूड कुठलं? रंगाचे हात किती दिले? हा देठ वेगळा बसवलाय का?’ असं विचारणारं माणूस समोर आलं की रंगवणाऱ्याचा हात थांबतो आणि ठेवणीतल्या वस्तू बाहेर येतात. सावंतवाडीच्या चितार आळीत या कामाच्या पिढ्या गेल्या आहेत. फळांसाठी परंपरेने पांगाऱ्यासारखं हलकं लाकूड वापरतात, त्यामुळे खरं लाकडी फळ हातात घेतलं की त्याच्या आकाराच्या मानाने हलकं लागतं, पण नखाने वाजवलं तर प्लॅस्टिकसारखं पोकळ वाजत नाही. ही फळं शोभेची आहेत. रांगत्या बाळासाठी घेणार असाल तर रंग तोंडात गेलेला चालेल का, हे स्पष्ट विचारा, आणि ‘चालतंय की’ एवढ्या उत्तरावर घेऊ नका.

आणि तिथे गेलाच आहात तर राजवाड्यात जा. गंजिफाची, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांची, कला विझत आली होती, तेव्हा इथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती पुन्हा उभी केली. तिथे कारागीर काम करताना बघायला मिळतात. दशावतारी गंजिफाचा संच १२० पानांचा: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. पान गोल, तळहातात मावेल एवढं. मत्स्याच्या रंगात जितक्याचं पान तितके मासे काढलेले असतात, आणि त्या प्रत्येक माशाला डोळा असतो. ते एक पान पाच मिनिटं नीट पाहिलं की हाताने रंगवलेल्या पूर्ण संचाची किंमत जास्त का, हे तुमच्या यजमानांना कुणी समजावून सांगावं लागणार नाही. तिथे छापील संचही मिळतात आणि ते घेण्यात काही कमीपणा नाही. मुलांना खेळायला छापीलच बरे. फक्त छापील कोणता आणि हातचा कोणता, हे आधी विचारून घ्या.

तर भाव करावा की नाही? करावा, जिथे रीत आहे तिथे. आठवडी बाजारात, रस्त्यावरच्या ठेल्यावर, गोव्याच्या हणजुण्याच्या (अंजुनाच्या) बाजारात विक्रेता आकडा सांगतो तोच मुळी बोलणं सुरू करायला. तिथे न बोलता पैसे टाकणारा माणूस त्यालाही विचित्र वाटतो. जिथे ‘एकच भाव’ लिहिलंय, सरकारी विक्रीकेंद्र आहे, किंवा वस्तूवर चिठ्ठी आहे, तिथे घासू नये. आणि जिथे करणारा स्वतः समोर बसला आहे, तिथे मी एवढंच विचारते: ‘दोन घेतले तर काय लावाल?’ या प्रश्नात त्याला विक्री वाढलेली दिसते, आपल्याला थोडं कमी पडतं, आणि कुणाचं काम कमी लेखलं जात नाही. निम्म्यापासून सुरुवात करायचा नियम मात्र सोडून द्या. तो नियम दुकानदारांनाही ठाऊक असतो. निम्म्याने मागणारी गिऱ्हाईकं रोज येऊ लागली की सांगायचा भाव दुप्पट होतो, आणि मग प्रामाणिक भाव सांगणारा दुकानदार मूर्ख ठरतो.

भाव बोलण्याआधी वस्तू निवडा, हातात धरा, आणि पैसे देईपर्यंत तीच हातात ठेवा. ‘याच जोडाचं काय घ्याल?’ असं विचारा. आतून दुसरी आली तर दोन्ही शेजारी ठेवून फरक विचारा. एवढं तुम्ही मे महिन्यात केलं असतंत तर पुठ्ठा दुकानातच सापडला असता.

ओळखायचं कसं, तर कोल्हापुरीपुरतं सांगते. तळाची कड बघा. तिथे चामड्याचे थर दिसायला हवेत. कडेला जाड काळा किंवा तपकिरी रंग फासून ती झाकली असेल तर बाजूचा दुसरा जोड मागा. वास घ्या. झाडाच्या सालींवर कमावलेल्या कातड्याचा वास मातकट असतो, रेक्झिनचा रॉकेलसारखा उग्र. वजन पेला. शिलाई वादीची आहे की नायलॉनच्या दोऱ्याची, ते उलटं करून पाहा. २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांना मिळून: आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे. तेव्हा अथणीचा किंवा निपाणीचा जोड ‘कर्नाटकातला’ म्हणून नाकारू नका, ते कारागीरही याच परंपरेतले आहेत. संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाचा क्यूआर कोड जोडावर असेल तर दुकानातच मोबाइलवर उघडून पाहा. बिल मागा आणि त्यावर ‘चामडी तळ’ असं लिहून घ्या. लिहायला का-कू करणारा दुकानदार तिथेच कळतो.

आणि खरी कोल्हापुरीसुद्धा पावसात घालायची नसते. तुमच्या जोडात पुठ्ठा होता हे खरंच, पण अस्सल चामड्याचा तळही पाणी पिऊन फुगतो, वाळला की वाकडा होतो. जोड पायाला किंचित घट्ट असा घ्या, चामडं पायाप्रमाणे सैलावतं. सुरुवातीचे दिवस पट्ट्याला आतून तेलाचं बोट फिरवा आणि घरातल्या घरात घाला, म्हणजे अंगठा सोलवटणार नाही.

पैठणीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण इतर वाचकांची पत्रं सतत येतात म्हणून थोडक्यात. पदर उलटा करून पाहा. हातमागावरच्या पारंपरिक विणीत प्रत्येक रंगाची वेगळी कांडी फिरते, त्यामुळे मोर मागूनही जवळजवळ पुढच्यासारखाच दिसतो. मागे सुटे, लोंबते किंवा कातरलेले धागे असतील तर ती विणीची वेगळी पद्धत आहे आणि तिची किंमतही वेगळी हवी. सेमी पैठणी सेमी म्हणून घ्यायला काहीच हरकत नाही.

आता त्या वीस-बावीस भेटवस्तू. तुमच्या सगळ्या पत्रात मला हाच भाग सगळ्यात काळजीचा वाटला. प्रत्येकाला ‘तिकडची आठवण’ द्यायलाच हवी, हे कुणी ठरवलं? बावीस वस्तू म्हटलं की बजेट माणशी शंभर-दीडशेवर येतं. त्या पैशात हातची वस्तू बसत नाही. मग आपण छापील वारली चित्राचे मग, प्लॅस्टिकच्या किल्ल्या अडकवायच्या साखळ्या, साच्यातून काढलेल्या मूर्ती उचलतो. बाजारात असला माल वाढतो त्यामागे अशीच यादी घेऊन निघालेली आपण माणसं आहोत. ऑफिसात वाटायला कोल्हापूरचा गूळ आणा, मालवणचं खाजं आणा, गोव्याचे काजू आणा. चार घास सगळ्यांना मिळतात, कुणाच्या कपाटात धूळ साठत नाही, आणि तेही त्या गावच्या हाताचंच काम आहे. वस्तू फक्त त्यांच्यासाठी घ्या, ज्यांच्या घरी ती कुठे ठेवली जाईल हे तुम्हाला आत्ता डोळ्यांसमोर दिसतंय. माझ्या अंदाजाने अशी तीन-चारच नावं निघतील. वाचलेले पैसे त्या तीन-चार वस्तूंत घाला.

गोव्याबद्दल एक सावधगिरी. हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात मांडलेल्या मालात राजस्थानी, काश्मिरी आणि लमाणी काम भरपूर असतं. लमाणी बायकांचं आरशांचं भरतकाम सुंदरच असतं, आवडलं तर खुशाल घ्या, पण ‘गोव्याची आठवण’ म्हणून घेऊ नका. इथलं हवं असेल तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जा. मातीची भांडी तिथे बघा. आणि मालवण काय, गोवा काय, किनाऱ्यावर कुणी प्रवाळाचा तुकडा किंवा मोठा दुर्मीळ शंख दाखवला तर हातही लावू नका. प्रवाळ आणि शंख-शिंपल्यांच्या काही जाती १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. विकणाराही अडचणीत येतो, घेणाराही.

घरातल्या भांडणाकडे येते. तुमच्या यजमानांना बाजारात बोलायला आवडतं, हे पत्रावरून स्पष्ट दिसतं. तो गुण आहे. त्यांना गप्प बसवून डिसेंबरचा प्रवास सुखाचा होणार नाही. त्यांच्याकडे चौकशीचं काम द्या: जोड कुणी केला, कातडं कुठलं, हातचं कोणतं, छापील कोणतं. त्यांच्या चिकाटीपुढे दुकानदाराला खरं सांगावंच लागेल. प्रत्येक गावात किती खर्च करायचा तो आकडा प्रवासाला निघण्याआधी घरीच दोघांनी ठरवा. दुकानात मात्र एकाने बोलणं सुरू केलं की दुसऱ्याने मध्ये पडायचं नाही. पटलं नाही तर ‘जरा बाहेर येता का?’ एवढंच. सगळ्यांदेखत थांबवलंत, त्याचा राग त्यांना फळाच्या किमतीपेक्षा जास्त आला असणार, आणि तेवढं मात्र त्यांना एकदा सरळ ‘चुकलं’ म्हणून टाका. मोठेपणाचा प्रश्न करू नका.

राहता राहिली नणंद. तिला मेलबर्नला लाकडी फळं किंवा खेळणी न्यायची असतील तर ऑस्ट्रेलियात उतरताना भरायच्या फॉर्मवर लाकडी वस्तू आहेत असं लिहायलाच हवं. तिथली जैवसुरक्षा तपासणी कडक असते. न सांगता नेलं तर जबर दंड बसतो. सांगून नेलं, लाकडाला साल, भोक किंवा किडीचा भुसा नसला, तर वस्तू पाहून बहुधा परत देतात. म्हणून सावंतवाडीतच प्रत्येक नग उलटासुलटा करून तपासा, बिल जपून ठेवा, आणि या वस्तू बॅगेत वरच ठेवायला सांगा. खाण्याच्या वस्तूही तिने जाहीर करायच्या आहेत, त्यामुळे तिच्या वाट्याचा गूळ आणि खाजं इथे असतानाच संपवलेलं बरं.